जाळी सांधणारे हात



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 4:12–23) प्रभू येशू गालील सरोवराच्या काठाने चालत आहे आणि चार कोळ्यांना हाक मारत आहे. हा उतारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांनी जाळी सोडली, होडी सोडली, बापाला सोडले, यावर प्रवचनात बहुधा भर असतो आणि तो योग्यच आहे. या अभ्यासपाठात मात्र आम्ही एक पाऊल अलीकडे थांबणार आहोत. हाक आली त्या वेळी ती माणसे काय करीत होती?

पेत्र आणि अंद्रिया पाण्यात जाळे टाकीत होते. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ मात्र बाप जब्दी याच्यासोबत होडीत बसून जाळी नीट करीत होते. मार्कनेही हेच लिहून ठेवले आहे (मार्क 1:19). म्हणजे चारांपैकी दोघांना प्रभूने बोलावले ते दुरुस्तीचे काम चालू असताना. शुभवर्तमानकार जागा जपून वापरतात, उगाच तपशील देत नाहीत. तरी हा तपशील दोघांनीही ठेवला.

त्या काळी जाळी तागाच्या बारीक सुताची, म्हणजे जवसाच्या झाडाच्या वाखापासून काढलेल्या धाग्याची असत. होय, तेच जवस, ज्याची चटणी आपल्या विदर्भात घरोघर होते. आपण बियांसाठी पेरतो, तिकडे वाखासाठी पेरीत. असा धागा ओला राहिला की कुजतो. म्हणून रात्रभर मासे धरून आल्यावर सकाळी जाळे धुवायचे (लूकने पाचव्या अध्यायात कोळ्यांना जाळी धुतानाच दाखवले आहे), वाळत घालायचे आणि मग हातातून सरकवत सरकवत फाटलेले घर शोधायचे. आपल्या कन्हान नदीवर जाळे टाकणारे ढीवर बंधू आज नायलॉनचे जाळे वापरतात. ते कुजत नाही, पण दगडाला, झुडपाला अडकून फाटते. एक घर फाटले आणि तसेच राहिले की दुसऱ्या खेपेला तिथून सगळेच मासे निघून जातात. म्हणून जाळे सांधणे हा कोळ्याच्या कामाचाच अर्धा भाग. फुरसतीचा उद्योग तो नव्हे.

एक ग्रीक शब्द

मत्तय आणि मार्क यांनी जाळी नीट करण्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला तो आहे 'कातार्तिझो'. बिघडलेली वस्तू पुन्हा तिच्या कामाला योग्य करणे, असा त्याचा अर्थ. ग्रीक वैद्य निखळलेले हाड जागेवर बसवण्यासाठीही याच कुळातला शब्द वापरीत. आता गंमत पाहा. संत पौल गलतीकरांस लिहितो, की कोणी एखाद्या अपराधात सापडला तर तुम्ही जे आत्मिक आहात ते त्याला सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणा (गलती 6:1), तिथे क्रियापद हेच आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा शेवट करताना, आपापले जीवन नीट करा असे सांगतो (13:11), तिथेही हेच. चुकलेल्या भावाला सांभाळण्यासाठी पौलाला जो शब्द सापडला तोच जाळे सांधण्याचाही होता. न्यायालयातला शब्द त्याने घेतला नाही.

दुरुस्त करणाऱ्याला दोन गोष्टी कराव्याच लागतात. वस्तू हातात घ्यावी लागते आणि फाटले कुठे ते शोधावे लागते. फेकणाऱ्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. सून पटली नाही, भाऊ बोलला नाही, कुटुंब चर्चला येईनासे झाले, की मनातल्या मनात 'जाऊ दे' म्हणून मोकळे होतो. पण तो विषय मोठा आहे आणि आज आम्हांला कुऱ्हाडीबद्दल लिहायचे आहे.

आमची कुऱ्हाड

नाताळच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या परसात बाभळीची एक वाळलेली फांदी पडली होती. शेकोटीसाठी ती फोडावी म्हणून आम्ही वडिलांच्या वेळची कुऱ्हाड काढली. तिचा दांडा दोन वर्षांपासून हलत होता. नवा दांडा बसवू, लोहाराकडे जाऊ, असे म्हणत राहिलो. दर वेळी एकच उपाय करायचो: आदल्या रात्री कुऱ्हाड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. लाकूड फुगते, पाते घट्ट बसते, काम होऊन जाते. त्या दिवशीही तसेच केले. शेजारचा अकरा वर्षांचा मुलगा ढलप्या वेचायला आला होता. पाचव्या की सहाव्या घावाला हातात नुसता दांडा राहिला. पाते जाऊन रांजणावर आदळले आणि रांजणाच्या ठिकऱ्या झाल्या. मुलगा रांजणापासून दोन हातांवर उभा होता. त्याला काही झाले नाही. आमचे पाय मात्र बराच वेळ कापत होते. त्याच्या आईला आम्ही ही गोष्ट दोन दिवसांनी सांगितली, लगेच सांगायचे धैर्य झाले नाही, हेही इथे कबूल करतो.

त्याच रात्री बायबल उघडले. अनुवाद या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडे तोडायला जातो, कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते, शेजाऱ्याला लागते आणि शेजारी मरतो. मनात वैर नव्हते, म्हणून अशा माणसाला आश्रयाच्या नगरात पळून जाऊन जीव वाचवता येईल, असे नियमशास्त्र सांगते. आम्ही हा उतारा पूर्वी अनेकदा वाचला होता आणि नेहमी आश्रयाच्या नगराकडेच लक्ष गेले होते. या वेळी दांड्याकडे गेले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नियमशास्त्राला अपघाती मृत्यूचे उदाहरण द्यायचे होते, तेव्हा सगळ्यांना चटकन समजेल असे कोणते सापडले? सैल दांड्याचे. म्हणजे ही चूक तेव्हाही घरोघरी होत असावी. आणि माणूस निर्दोष सुटला तरी त्याला आपले घर, शेत, माणसे सोडून परक्या नगरात राहावे लागे. एका पाचरीपायी!

कुऱ्हाडीची दुसरी कथा राजे या दुसऱ्या ग्रंथात सहाव्या अध्यायात आहे. संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनच्या काठी घर बांधण्यासाठी लाकडे तोडत असतात. एकाचे पाते पाण्यात पडते. तो अलीशाकडे धावत जातो आणि कळवळून सांगतो की ती कुऱ्हाड उसनी आणलेली होती. अलीशा एक काठी तोडून पाण्यात टाकतो आणि लोखंड वर तरंगते. एवढा मोठा संदेष्टा, नामानाचा कोड बरा करणारा, आणि चमत्कार कशासाठी? एका गरीब विद्यार्थ्याच्या उसन्या कुऱ्हाडीसाठी. कुणी म्हणाले नाही की जाऊ दे, नवी घे. लोखंड तेव्हा महाग होते हे खरेच. पण उसनी वस्तू धडपणे परत करण्याची त्या मुलाला लागलेली काळजी देवाच्या माणसाने क्षुल्लक मानली नाही.

दांडा कसा बसवावा

पाण्यात बुडवायची युक्ती का फसते, ते आम्हांला नंतर एका सुतारकाम जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी समजावून सांगितले. ओले लाकूड फुगते, पण लोखंडाचे भोक काही मोठे होत नाही. मग लाकडाच्या शिरा आतल्या आत चेपल्या जातात. वाळल्यावर ते लाकूड पहिल्यापेक्षाही बारीक होते. म्हणजे दर खेपेला आपण दांडा थोडा थोडा सैलच करीत असतो.

नवा दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी आपल्याकडे धावड्याला जुना मान आहे. बाभूळही चालते. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या असाव्यात. तिरप्या रेषांचा दांडा तिथेच मोडतो. बाजारातल्या रंग दिलेल्या दांड्यावर या रेषा दिसत नाहीत, म्हणून काचेच्या तुकड्याने थोडा रंग खरवडून पाहावे. दुकानदार रागावेल, रागावू द्या. दांड्याच्या वरच्या टोकाला करवतीने उभी चीर पाडावी. पाते थोडे चढवावे, मग कुऱ्हाड उलटी, पाते खाली लोंबेल अशी हातात धरून दांड्याच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. पाते जड असल्याने ते जागेवर राहते आणि दांडा त्यात चढत जातो. मग चिरेत सुक्या, कठीण लाकडाची पाचर ठोकावी आणि वर उरलेला भाग कापून टाकावा.

शेवटी तेल. इथे आपले जवस पुन्हा येते. जवसाचे तेल इतर खाद्यतेलांपेक्षा लवकर सुकते. सुकते म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या रंध्रांत घट्ट होते. मग पाणी आत शिरत नाही आणि लाकूड फुगत-आकसत नाही. पातळ हात द्यावा, दोन दिवस वाळू द्यावे, पुन्हा द्यावा. रंगाच्या दुकानात जे उकळलेले म्हणून मिळते ते लवकर सुकते, पण त्यात धातूंची द्रव्ये मिसळलेली असतात. ते पोळपाट-लाटण्याला किंवा रवीला कधीही लावू नये, त्यांना घाणीवरचे साधे तेल लावावे. आणखी एक सूचना ठळक अक्षरांत छापायला हवी: तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निघते आणि चिंध्यांच्या बोळ्यात ती साचून तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी उन्हात पसरून वाळवावी, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावी.

धारेबद्दल उपदेशक या ग्रंथात (10:10) एक रोकडी गोष्ट सांगितली आहे. हत्यार बोथट झाले आणि त्याला धार लावली नाही, तर माणसाला जास्त जोर लावावा लागतो. ज्यांनी बोथट खुरप्याने पावसाळ्यातले गवत काढले आहे त्यांना यावर भाष्य नको. विळे, खुरपे घरीच कानशीने पाजवता येते. कानस एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाबावी, मागे आणताना उचलावी. विजेच्या ग्राइंडरवर धार झटकन लागते खरी, पण पात्याची कड निळी पडली तर समजावे की लोखंडाचे पाणी उतरले. ती धार चार दिवसांत जाते. सायकलच्या चाकावर दगड फिरवणारा धारवाला दगडावर पाणी टाकत राहतो ते याचसाठी.

लोहार नसलेले राष्ट्र

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात तेराव्या अध्यायाच्या शेवटी एक उतारा आहे. मिस्सेत तो क्वचितच वाचला जात असेल. शौल राजाच्या काळी इस्राएल देशात एकही लोहार नव्हता. इब्री लोकांनी तलवारी, भाले बनवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी तशी व्यवस्था केली होती. परिणाम काय झाला? नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला प्रत्येक इस्राएली शेतकऱ्याला शत्रूच्या मुलखात उतरून जावे लागे. त्याचा दरही लिहून ठेवला आहे, 'पीम'. हा शब्द सगळ्या बायबलमध्ये एकदाच येतो. जुन्या भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागत नव्हता. पुढे उत्खननात हाच शब्द कोरलेली लहान दगडी वजने सापडली, सुमारे साडेसात ग्रॅमची, म्हणजे शेकेलच्या दोन तृतीयांश. तेव्हा कळले की ही धार लावण्याची मजुरी होती. एका फाळामागे साडेसात ग्रॅमच्या आसपास चांदी, तीही शत्रूला!

हा उतारा वाचताना आम्हांला आपले मोबाईल आठवले. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, स्क्रू असे की आपल्या पेचकसाने फिरू नयेत, सुटा भाग मागितला तर 'मिळत नाही, नवा घ्या'. ज्याला आपली वस्तू उघडता येत नाही तो ती विकत घेऊनही पुरता मालक होत नाही. याची जाणीव आता सरकारांनाही झाली आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने 2024 साली तसा कायदाच केला. लोकही आपल्या परीने काही करतात. ॲमस्टरडॅम शहरात मार्टिन पोस्टमा या बाईंनी ऑक्टोबर 2009 मध्ये पहिला 'दुरुस्ती कट्टा' भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन यायचे, जाणकाराशेजारी बसायचे आणि दोघांनी मिळून ती नीट करायची. ती कल्पना पुढे कितीतरी देशांत पसरली, आपल्याकडे बंगळुरूपर्यंत आली.

खरे तर आपल्या गावगाड्याला ही कल्पना नवी नव्हती. बलुतेदारीत लोहार-सुताराला वस्तूमागे पैसे मिळत नसत. वर्षभर कुळाची औते नीट ठेवायची आणि हंगामाला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. म्हणजे नांगर जितका कमी मोडेल तितका सुताराचाच फायदा. आजच्या कारखान्याचा फायदा वस्तू लवकर मोडण्यात आहे. हा फरक विचार करण्यासारखा आहे. पण म्हणून ती व्यवस्था सोन्याची होती असे आम्ही म्हणणार नाही. ती जातीला बांधलेली होती, लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे अशी होती आणि गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला तीत अपमानच जास्त आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनांविरुद्ध झगडा केला तो उगाच नव्हे. त्या व्यवस्थेतली दुरुस्तीची अक्कल तेवढी घ्यावी, बाकीचे परत आणू नये.

गंज आणि गंज

आपल्या बोलीत स्वयंपाकाच्या भांड्यालाही गंज म्हणतात आणि लोखंडाला चढतो तोही गंजच. पाहुण्यांचा यावरून गोंधळ उडतो. पितळेच्या गंजाला गंज चढत नाही, पण कल्हई गेली तर त्यात आंबट वरण कळकते, हिरवट होते आणि पोटाला बाधते. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी आपल्या सगळ्या भागात लेकीच्या रुखवतात जात. ती आज माळ्यावर आहेत किंवा कबाड्याकडे किलोने गेली आहेत. आमच्या घरचा आईचा गुंडही असाच गेला. घरात कुणी विरोध केला नाही. आई काही बोलली नाही, पण नंतर कित्येक दिवस पाणी पिताना स्टीलच्या पिंपाकडे बघून मग पेला उचलायची. गुंड परत मिळाला नाही.

कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा पातळ थर. कथील 232 अंशांवर वितळते, म्हणून कोळशाच्या लहान भट्टीवरही काम होते. भांडे घासून स्वच्छ करतात, तापवतात, नवसागराची पूड टाकतात, ती पृष्ठभागावरची काजळी आणि जंग खाऊन टाकते, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवतात आणि भांडे पाण्यात बुडवतात. नवसागराचा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नये. कल्हईवाला आला तर कथील शुद्ध आहे ना हे विचारून घ्यावे, शिशाची भेसळ असेल तर फायद्याऐवजी घात होतो.

शिशावरून आठवले. जुनी लोखंडी खाट, फाटक, झोपाळा यांचा रंग खरवडताना तोंडाला फडके बांधावे, पॉलिश पेपर ओला करूनच घासावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये.

आणि कूलर! खापरखेड्यात राहून कूलरचे नाव घेतले नाही तर हा पाठ अपुरा राहील. मार्च लागला की माळ्यावरून कूलर उतरतो, टाकीच्या तळाला भोके दिसतात आणि 'या वर्षी नवाच घेऊ' हे वाक्य घरात ऐकू येते. टाकी का गंजते? आपले पाणी जड, ते उडून जाते आणि क्षार तळाशी राहतात. पंपाखाली ओल राहिली, त्यातच कूलर ऑक्टोबरात तसाच उचलून ठेवला, की हिवाळाभर क्षार आणि ओल मिळून पत्रा खातात. म्हणून खरी दुरुस्ती ऑक्टोबरात व्हायला हवी: टाकी धुऊन, उन्हात कोरडी करून, मगच वर ठेवावी. मार्चमध्ये तारेच्या ब्रशने गंज काढावा, बारीक भोके एम-सीलने बुजवावीत, बाहेरून रेड ऑक्साइडचा हात देऊन रंग द्यावा आणि टाकीला आतून डांबरी काळा रंग द्यावा. वूडवूल दर वर्षी नवे घालावे, त्यात काटकसर नको. पंप बंद पडला तर आधी त्याची जाळी उघडून पाहावी, बहुधा क्षाराचा खडाच अडकलेला असतो. मात्र वायर तडकली असेल, अर्थिंग नसेल, तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. वीज बनवणाऱ्या गावात हे सांगावे लागू नये, पण कूलरचा धक्का लागल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरण्यापूर्वी पिन काढावी.

एक प्रामाणिक शंका

कुणी विचारील, प्रभूनेच सांगितले आहे ना, की जिथे कसर आणि जंग खाऊन टाकतात तिथे धन साठवू नका? (मत्तय 6:19) मग या वस्तूंची एवढी काळजी कशाला? शंका रास्त आहे. पण तो उतारा साठवण्याविरुद्ध आहे. जो एक कुऱ्हाड नीट ठेवतो त्याला तीन कुऱ्हाडी लागत नाहीत. उलट 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून गच्चीवर रचलेल्या मोडक्या खुर्च्या हे मात्र साठवणेच झाले. आमच्याकडेही त्या आहेत. महिनाभरात हात लागला नाही तर दुसऱ्याला द्यावे, असा नियम आम्ही घरात केला आहे आणि तो अर्धाच पाळला जातो.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या एकतिसाव्या प्रकरणात कोठारप्रमुखाला आज्ञा आहे, की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी. लगेच पुढच्या प्रकरणात हत्यारांची यादी ठेवायला सांगितले आहे आणि ती अस्वच्छ ठेवणाऱ्याची कानउघाडणीही. चषक आणि फावडे यांना एकाच मापाने पाहणारा हा संत युरोपचा आश्रयदाता मानला जातो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या संस्कृतीबद्दल लिहिले आणि वस्तू लगेच टाकण्याऐवजी पुन्हा वापरणे हीही प्रेमाची कृती होऊ शकते, असे सुचवले. त्याच वर्षी 3 सप्टेंबरला ते स्वतः रोममधल्या एका चष्म्याच्या दुकानात गेले. भिंगे बदलून हवी होती, फ्रेम जुनीच राहू द्या म्हणाले आणि पैसे देण्याचा आग्रह धरला. एप्रिल 2025 मध्ये ते प्रभूकडे गेले. परिपत्रकातला परिच्छेद आम्ही विसरू, चष्म्याची फ्रेम विसरणार नाही.

आपल्या गावाला या गोष्टीची आणखी एक बाजू आहे. आपल्यापैकी अनेकांची भाकरी कोळशावर भाजलेली आहे. 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 मेगावॉटचा एक, अशा 1340 मेगावॉटच्या केंद्राच्या सावलीत आपली घरे आहेत, भोवती कोळशाच्या खाणी आहेत. राखड आपल्या अंगणात येते. कोळशाला नावे ठेवण्याचा अधिकार त्यावर जगणाऱ्या आम्हांला नाही. पण एक टन पोलाद बनवताना जगाच्या सरासरीने जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ते पोलाद बनवायला लागणारा कोळसा, वीज, पाणी कुठल्यातरी आपल्यासारख्याच गावातून जाते, हे आपल्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही.

जाता जाता एक सावधगिरी. सगळेच नीट करण्यासारखे नसते. गॅसची तडकलेली नळी, कुकरचा झिजलेला सुरक्षा व्हॉल्व्ह, फुगलेली बॅटरी यांना ठिगळ लावू नये, बदलावेच. राखडीने भांडी घासू नयेत. चुलीतली लाकडाची राख वेगळी, केंद्राची राखड वेगळी.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या व्हरांड्यात आम्ही काही जण दोन तास बसणार आहोत. कानशी, मोगरी, धावड्याचे पाच दांडे आणि जवसाचे तेल आमच्याकडे आहे. शेजारचा तो मुलगा दांड्यांना तेल लावायला येणार आहे, आईची परवानगी घेऊन. ज्यांच्या घरी कुऱ्हाड, कुदळ, विळा, खुरपे, विळी सैल किंवा बोथट असेल त्यांनी आणावे. ज्यांना काम येते त्यांनी नुसते हात आणावेत. झाळ देणे कुणाला येत असेल तर अवश्य कळवावे, चर्चच्या बागेतली झारी गळते आहे. विजेच्या वस्तू या खेपेला आणू नयेत. पाती कापडात गुंडाळून आणावीत आणि मिस्सा संपेपर्यंत व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.